फुलबागेतली हाणामारी : जपानी ‘ओएल’ कोणाशी लढते?

यंदाच्या लेखाचा विषय सांगितला तेव्हा घरात हशा पिकला. कचेरीतल्या बायका एकमेकींना लाथाबुक्क्यांनी तुडवतात, अशा एका जपानी विनोदी चित्रपटावर संशोधनपर काय लिहिणार? ‘जिगोकु नो हानाझोनो’ म्हणजे ‘नरकातली फुलबाग’. तो 2021 साली आला. दिग्दर्शक काझुआकी सेकी, पटकथा बाकारिझुमु या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या विनोदवीराची. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही पोट धरून हसले होते. खटकायला लागले ते नंतर.

नाओको तानाका ही साधी कर्मचारी. तिच्या कंपनीत विक्री, विकास आणि उत्पादन या तीन विभागांतल्या बायकांच्या टोळ्या आहेत आणि ‘इथली दादा कोण’ हे मुठींनी ठरते. गणवेशावर भरतकाम केलेले लांब कोट, चेहऱ्यावर जखमा, आणि शेजारच्याच टेबलावर नाओको मैत्रिणींशी जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा मारते आहे. मग रान होजो नावाची नवी मुलगी येते, सगळ्यांना लोळवते आणि नाओकोची मैत्रीण होते. नाओको स्वतःला या गोष्टीतले दुय्यम पात्र समजते, निदान आपल्याला तसे सांगते. दुसऱ्या कंपनीतल्या टोळीपुढे रान हरते तेव्हा कळते, की सर्वांत ताकदवान हीच आहे. तिने ते लपवले, कारण तिला चारचौघींसारखी नोकरी करायची होती.

आता थोडे मागे जाऊ. ‘ओएल’ म्हणजे ऑफिस लेडी. हा शब्द जपान्यांनी इंग्रजी तुकडे जोडून स्वतःच घडवला. त्याआधी ‘बीजी’, म्हणजे बिझनेस गर्ल, म्हणत. टोकियो ऑलिम्पिक तोंडावर आले होते आणि परदेशी पाहुणे त्या शब्दाचा भलताच अर्थ घेतील अशी धास्ती पसरली. 1963 साली ‘जोसेई जिशिन’ या स्त्रियांच्या साप्ताहिकाने वाचकांची मते मागवली आणि ‘ओएल’ रूढ झाला. नाव बदलले, काम तेच राहिले : कागद नीट लावणे, फोन घेणे, पाहुण्यांना आणि साहेबांना चहा नेऊन देणे. या चहाला तिकडे ‘ओचाकुमी’ असा खास शब्द आहे. लग्न झाले की नोकरी सोडायची, हे गृहीतच.

मारामारी करणारी मुलगी मात्र कचेरीतली नव्हे, शाळेतली. सत्तरच्या दशकात लांब स्कर्ट घालणाऱ्या ‘सुकेबान’ म्हणजे टोळीप्रमुख मुलींवर तोएई कंपनीने चित्रपट काढले. 1976 पासून शिंजी वादा यांची ‘सुकेबान देका’ ही चित्रकथा गाजली आणि 1985 साली तिची दूरदर्शन मालिका झाली. त्याच वर्षी जपानच्या संसदेने रोजगारातील समान संधीचा कायदा केला, तो 1986 पासून लागू झाला. त्यात नोकरभरती आणि बढतीबाबत मालकांनी नुसते ‘प्रयत्न’ करायचे होते. भेदभावावर बंदी आली ती 1997 च्या दुरुस्तीने. दरम्यान कंपन्यांनी दोन रांगा केल्या : बढतीची आणि साध्या कारकुनीची. दुसऱ्या रांगेत बहुतेक बायकाच.

या पार्श्वभूमीवर 1998 ची ‘शोमुनि’ ही मालिका पाहावी. हिरोयुकी यासुदा यांच्या चित्रकथेवरून केलेली. कंपनीने अडगळीत टाकलेल्या विभागात दिवे बदलणाऱ्या बायका, आणि खांद्यावर शिडी घेऊन फिरणारी माकिको एसुमि. त्या बायकांचे भांडण वरच्या साहेबांशी होते. तेवीस वर्षांनी आलेल्या ‘फुलबागे’त बायकांची ताकद शंभरपट वाढली आहे, पण साहेबावर एकही ठोसा पडत नाही. एवढ्या ताकदीने मिळवायचे काय, तर कारकून बायकांतला पहिला नंबर. मला ही सरळ माघार वाटली. टिपणात मी तसेच लिहिले होते.

ते टिपण मी मागे घेतले, त्याचे कारण खासगी आहे. मी बावीस वर्षे एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आमच्या खोलीत पंख्याखालचे टेबल एकच. त्यासाठी मी आणि माझी एक सहकारी सहा वर्षे भांडलो. डबा वेगळा, बोलणे बंद, मध्यस्थ शिपाई. त्याच सहा वर्षांत तीन पुरुष आमच्यामागून येऊन आमच्यापुढे गेले. त्याबद्दल आम्हा दोघींपैकी एकीनेही अर्ज केला नाही. पंखा हाताला लागण्यासारखा होता, बढती नव्हती. बाकारिझुमु यांना हे ठाऊक असावे. त्यांनी पूर्वी एका ओएलची काल्पनिक रोजनिशी लिहिली होती. तिच्यावरच्या मालिकेला मुकोदा कुनिको पुरस्कार मिळाला. त्यात स्वतः तेच ओएल झाले आणि बाकीच्या सहकारणींनी त्याकडे अवाक्षर न काढता पाहिले. कचेरीतले बारीकसारीक हेवेदावे हा त्यांचा जुना अभ्यास आहे.

म्हणून चित्रपट निर्दोष ठरत नाही. उत्तरार्धात प्रत्येक शत्रूमागे आणखी मोठा शत्रू येतो आणि कंटाळा येतो. नाओकोचे निवेदन विनोद झाल्यावर तोच समजावून सांगते. केनइचि एन्दो हा राकट नट बाईच्या गणवेशात येतो तेव्हा हसू फुटते, पण ते स्वस्त हसू आहे. ‘अशी ताकद म्हणजे पुरुषच’ हा जुना समज त्यामागे लपला आहे. एइको कोइके मात्र नजरेनेच भीती घालते, तिला असल्या टेकूची गरज पडत नाही.

दुसऱ्यांदा मी हा चित्रपट त्याच सहकारीबरोबर पाहिला. आता आम्ही दोघीही त्या कचेरीत नाही. एन्दोला पाहून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेवटची हाणामारी संपली तशी म्हणाली, “अगं, यांचा साहेब कुठे होता एवढा वेळ?” मी चहा ठेवायला उठले, तर माझ्याआधी तीच स्वयंपाकघरात गेली.