‘मी’ कुणाचा? डॅनिएल बूनच्या ‘आत्मकथे’ची झाडाझडती

आत्मकथा म्हटली की आपण त्यातल्या ‘मी’वर विश्वास टाकतो. टाकावाच. पण हा ‘मी’ लिहिला कुणी, छापला कुणी आणि कशासाठी, हे आधी विचारावं. अमेरिकेतल्या जंगलात वसाहत करणारा गाजलेला वीर डॅनिएल बून याची ‘आत्मकथा’ अशीच विचारपूस करून वाचायला हवी.

ही कथा छापली १७८४ साली. जॉन फिल्सन नावाच्या मास्तरानं केंटकी मुलखाची माहिती देणारं पुस्तक काढलं आणि त्याला शेपूट म्हणून बूनची साहसं जोडली. सगळी ‘मी’ ‘मी’ करून. बून जेमतेम लिहायला शिकलेला. त्याच्या हातची पत्रं शिल्लक आहेत. त्यात स्पेलिंगचा पत्ता नाही, पण माणूस सरळ बोलतो. पुस्तकातला ‘मी’ मात्र डोंगर दिसला की तत्त्वज्ञान झाडतो. ही भाषा फिल्सनची. आणि या फिल्सननं केंटकीत हजारो एकर जमिनीवर आपले दावे ठोकून ठेवलेले. लोक वस्तीला आले की भाव चढणार! म्हणजे हे पुस्तक आधी जमीनविक्रीची जाहिरात, मग साहित्य. बूननं त्याला खरेपणाचा दाखला दिला, हेही सोडून चालणार नाही.

आता माणूस बघू. बून जन्मला १७३४ साली, पेनसिल्व्हेनियात. बाप विणकर आणि लोहार, भावंडं मिळून अकरा. हा काही जमीनदाराचा पोर नव्हे. १७५६ साली रिबेका ब्रायनशी लग्न झालं, पुढं दहा मुलं. १७६९ ते १७७१ अशी दोन वर्षं हा गडी शिकारीसाठी केंटकीत. मग घरची शेती कुणी केली? गुरं, पोरं, चूल कुणी सांभाळली? रिबेकानं. १७७८ साली शॉनी लोकांनी बूनला धरून नेलं. तो मेला असं समजून ती पोरं घेऊन जंगलातून नॉर्थ कॅरोलायनाला माहेरी परतली. या वाटचालीला पुस्तकात जेमतेम दोन ओळी. तिचा गाजावाजा होतो तो केंटकी नदीकाठी उभी राहिलेली पहिली गोरी बाई म्हणून. म्हणजे कष्टाला किंमत नाही, कातडीला आहे.

ही झाली घरची बाई. आता ज्यांना घरचं म्हटलंच नाही ते बघा.

ऑक्टोबर १७७३ मध्ये बूनचं बिऱ्हाड पहिल्यांदा केंटकीकडे निघालं, तेव्हा मागं राहिलेल्या तुकडीवर हल्ला झाला. बूनचा थोरला पोरगा जेम्स हालहाल होऊन मेला. पुस्तक सांगतं, सहाजण मेले, त्यात माझा मुलगा एक. त्या सहांत चार्ल्स नावाचा काळा गुलाम होता. आणि ॲडम नावाचा दुसरा गुलाम नदीकाठच्या ओंडक्यांत लपून सगळं बघत होता. जेम्स कसा मेला हे जगाला कळलं ते या ॲडमच्या तोंडून. बापाच्या दुःखाला साक्षीदार गुलाम, आणि बापाच्या पुस्तकात साक्षीदाराला जागा नाही!

मार्च १७७५. बून सुमारे ३० माणसं घेऊन कंबरलंड खिंडीतून केंटकीची वाट तोडत होता. पहाटे गोळीबार झाला. बून स्वतःच्या पत्रात लिहितो की ट्विटी साहेब आणि त्यांचा निग्रो मारला गेला. नाव नाही, पण निदान माणूस आहे. फिल्सनच्या पुस्तकात तोच माणूस ‘दोन ठार’ या आकड्यात विरघळतो. त्याचं नाव सॅम होतं, हे नंतरच्या इतिहासकारांनी सांगितलं. पत्रातून पुस्तकात येताना माणूस कसा गाळला जातो, याचा हा धडधडीत पुरावा.

आणि जमीन कुणाची होती? १७६८ साली इरोक्वॉय लोकांकडून इंग्रजांनी हा मुलूख लिहून घेतला. तिथं शिकार करणाऱ्या शॉनींना विचारलंही नाही. १७७५ साली रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीनं चेरोकी पुढाऱ्यांकडून दोन कोटी एकरांच्या आसपास जमीन घेतली. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकीनं तिथंच विरोध केला. बून या कंपनीचा नोकर. ज्या शॉनींचा मुलूख चालला होता, त्यांचा पुढारी ब्लॅकफिश यानं धरून आणलेल्या बूनला मारलं नाही, पोटच्या पोरासारखं दत्तक घेतलं. चार महिन्यांत बून पळाला.

म्हणून बूनला राक्षस ठरवायचं का? नाही. ते काम सोपं, म्हणून खोटं. १७८२ साली त्याचा दुसरा पोरगा इस्राएल ब्लू लिक्सच्या लढाईत गेला. जंगल वाचता येणाऱ्या बूनला कोर्टाचे कागद वाचता आले नाहीत. त्याचे जमिनीचे दावे एकामागून एक बुडाले. १७९९ साली तो स्पेनच्या ताब्यातल्या मिझुरीत निघून गेला आणि १८२० साली तिथंच वारला. वाट तोडणारा एक, सातबारा दुसऱ्याचा. पण हाच बून १७८७ साली सात गुलामांचा मालक होता. नाडलेला माणूस संधी मिळताच नाडणारा होतो. फिल्सनच्या वीरकथेत हे कुठंच बसत नाही. म्हणून ती कथा साहित्य म्हणूनही अपुरी आहे.

१७९० च्या शिरगणतीत केंटकीत ७३ हजारांवर माणसं मोजली, त्यात १२ हजारांवर गुलाम. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. ती अमेरिका वेगळी. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या घटनादुरुस्तीला केंटकीनं मान्यता दिली थेट १९७६ साली.

तर दोस्तांनो, वीराचं चरित्र हातात पडलं की पराक्रम नंतर मोजा. आधी विचारा, स्वयंपाक कुणी केला, ओझं कुणी वाहिलं, साक्ष कुणी दिली. आणि आकड्यात कोण गाडला गेला, त्याचं नाव शोधा. ॲडमला लिहिता आलं असतं, तर केंटकीची पहिली आत्मकथा त्याची झाली असती. ज्यांना लिहिता येतं, त्यांनी आपला ‘मी’ कुठल्या फिल्सनच्या हाती देऊ नये.