‘अतिमोठी’ म्हणजे किती? : हार्टबीट-मानकातील एका वाक्याचा विचार

ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघडकीस आला. त्याविषयीच्या चर्चेचा रोख बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या अनवधानावर किंवा तपासणीच्या साधनांच्या उणिवांवर असतो. ज्या मानकावरून तो प्रोग्रॅम रचला गेला, ते आरएफसी ६५२० (फेब्रुवारी २०१२) मात्र या चर्चेत मागे राहते. वस्तुतः दोषाची पाळेमुळे शोधायची, तर त्या मानकाची वाक्ये शब्दशः वाचणे प्राप्त आहे.

मानकाची योजना साधी आहे. एका संगणकाने दुसऱ्याकडे थोडा मजकूर, त्याची लांबी आणि किमान १६ बाइटांचे भरताड पाठवावे. दुसऱ्याने तोच मजकूर परत करून आपण जागे असल्याची खूण द्यावी. लांबी दोन बाइटांत लिहिली जाते, म्हणून ती ६५,५३५ पर्यंत सांगता येते. एका बाइटाचा मजकूर पाठवून ६५,५३५ ची बतावणी केली, की ओपनएसएसएल शेजारच्या स्मृतीतील जवळजवळ ६४ किलोबाइट माहिती बिनदिक्कत परत करीत असे. तीत परवलीचे शब्द असू शकत, खाजगी किल्ल्याही असू शकत. कॅनडाच्या महसूल खात्यातून अशाच रीतीने सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले.

मानककर्त्यांना ही शक्यता सुचली नव्हती काय? सुचली होती. चौथ्या विभागात सांगितलेली लांबी अतिमोठी असल्यास संदेश निमूटपणे टाकून द्यावा, अशी आज्ञा आहे आणि तीही अनिवार्यतेच्या भाषेत. तेव्हा आवश्यकता नोंदवायची राहून गेली, हा आक्षेप टिकत नाही. परंतु ‘अतिमोठी’ कशाच्या तुलनेत? प्रकाराचा १ बाइट, लांबीचे २ आणि भरताडाचे १६, असे १९ बाइट एकूण संदेशातून वजा करण्याचे काम वाचकावर सोपविलेले आहे. आवश्यकता पडताळून पाहता येण्याजोगी असावी, हा दंडक आयईईई ८३० या मानकाने १९९८ च्या आवृत्तीतही घातला होता. प्रस्तुत वाक्य त्याला पुरेपूर उतरत नाही. गंमत अशी, की १.०.१जी या दुरुस्त आवृत्तीत नेमकी हीच बेरीज तपासली गेली, आणि शेजारच्या टिपेत आरएफसी ६५२० च्या चौथ्या विभागाचाच हवाला देण्यात आला! त्याच मानकाच्या सुरक्षाविषयक विभागात मात्र या विस्तारामुळे कोणताही नवा सुरक्षाप्रश्न उद्भवत नाही, असा निर्वाळा आहे. तो आज वाचवत नाही.

साधनांच्या निवडीचा प्रश्न यानंतरचा होय. प्रोग्रॅम न चालवता तपासणाऱ्या त्या काळच्या साधनांना हा दोष दिसला नाही, कारण जाळ्यावरून आलेली लांबी अविश्वसनीय मानावी, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. कव्हेरिटीने तशी सोय केली ती घटनेनंतर. उलट, कोडनॉमिकॉन या संस्थेला दोष सापडला तो मुद्दाम बिघडविलेले संदेश पाठवणाऱ्या चाचणीच्या मार्गाने. गूगलच्या नील मेहता यांनी तो स्वतंत्रपणे शोधला होता. पुढे २०१५ मध्ये हानो ब्योक यांनी एएफएल आणि अ‍ॅड्रेससॅनिटायझर यांच्या जोडीने तो काही तासांत सापडतो, हे दाखवून दिले.

यावरून अशा यादृच्छिक चाचणीला मानकाची गरजच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घाईचा ठरेल. ती जोडी स्मृतीची मर्यादा ओलांडली गेली, तरच ओरडते. मजकुराची लांबी खरी सांगून भरताड १६ ऐवजी १० बाइटांचेच पाठवले आणि प्रोग्रॅमने त्यास सभ्यपणे उत्तर दिले, तर मानकाचा भंग होतो, स्मृतीला मात्र धक्का लागत नाही. तेथे ही साधने मूक राहतात. ती चूक पकडणारी चाचणी चौथा विभाग समोर ठेवूनच लिहावी लागते.