क्रिस्टी

कॅथरिन मार्शल (१९१४–८३) या अमेरिकन लेखिकेची कादंबरी; प्रकाशन १९६७. लेखिकेची आई तरुणपणी टेनेसीच्या डोंगराळ भागातील मिशन-शाळेत शिक्षिका होती. तिच्या आठवणींवर ही कादंबरी आधारलेली आहे. १९१२ मध्ये एकोणीस वर्षांची क्रिस्टी हडलस्टन ॲशव्हिलचे सुखवस्तू घर सोडून कटर गॅप या दुर्गम वस्तीत येते. दारिद्र्य, चोरटी दारू, पिढीजात कुळवैरे आणि विषमज्वर यांनी गांजलेल्या कुटुंबांत तिच्या श्रद्धेचा कस लागतो.

कादंबरीचे खरे केंद्र मात्र ॲलिस हेंडरसन ही क्वेकर स्त्री होय. कोवळ्या वयात घराच्या विश्वासातील एका धार्मिक पुरुषानेच तिच्यावर अत्याचार केला. त्यातून जन्मलेली मुलगी हीच डॉक्टर मॅकनीलची दिवंगत पत्नी, हे गुपित बऱ्याच उशिरा उघड होते. धर्माच्या आडून झालेली जखम धर्मश्रद्धेनेच भरून येईल काय, हा अवघड प्रश्न लेखिकेने टाळलेला नाही. ॲलिस क्षमा करते. परंतु मुलगी तिला परत मिळत नाही. या अपूर्णतेतच त्या भागाचे बळ आहे. त्यामानाने शेवट दुबळा वाटतो. विषमज्वराने मरणोन्मुख झालेली नायिका वाचते आणि संशयवादी डॉक्टर प्रार्थनेकडे वळतो, ही योजना फारच सोयीची आहे. डोंगरी लोकांचे चित्रण सहृदय, पण बाहेरून आलेल्या शिक्षिकेच्या नजरेतून झालेले आहे. फेअरलाइट स्पेन्सर ही व्यक्तिरेखा त्याला अपवाद.

ख्रिस्ती कथासाहित्यासाठी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या पुरस्कारास या कादंबरीचेच नाव आहे. या वाङ्मयप्रकारात घरातील गुपित व अखेरचा समेट यांचा पुढे साचा बनला. ॲलिसची न भरलेली जखम त्यात क्वचितच आढळते. कादंबरीवरील दूरचित्रवाणी-मालिका १९९४-९५ मध्ये प्रसारित झाली.