तोच आणि तसाच

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नामदेवांना तोटा नाही. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी इथलंच; तेव्हा चार घरांआड एक नामदेव सापडायचाच. मीही त्यांतलाच. सातबाऱ्यावर ‘नामदेव’, पासबुकावर ‘नामदेवराव’. त्या एका ‘राव’पायी पिकाच्या नुकसानभरपाईचे पैसे अडले. कचेरीतला संगणक म्हणे, ही दोन माणसं! रावपणाची एवढी किंमत आमच्या घराण्यात आजवर कुणी मोजली नव्हती.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. प्रोग्रॅम लिहिणं हा त्याचा धंदा. त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, तर पठ्ठ्या हसला. “मामा, बरोबरीच्या चिन्हानं आम्हीसुद्धा फसतो.”

मग त्यानं जावाची कथा सांगितली. जावा म्हणजे एकमेकींच्या जावा नव्हेत. १९९५ साली बाहेर आलेली संगणकाची भाषा. दोन आकडे सारखे आहेत का, हे तिला बरोबरीची दोन चिन्हं जोडून विचारायचं. पण त्याच चिन्हानं दोन नावांबद्दल विचारलं, तर ती अक्षरं वाचतच नाही. दोन्हीकडे कागद एकच आहे का, एवढंच पाहते. अक्षरं ताडायची तर ‘इक्वल्स’ नावाचा वेगळा अर्ज! त्यातून कधी योगायोगानं उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लवकर सापडतही नाही.

चिन्हाला आपला अर्थ चिकटवायची मुभा सी प्लस प्लस या भाषेत आहे. तिचा गैरवापर पाहून जावाचे जनक जेम्स गॉसलिंग यांनी ती मुभा दिली नाही. ठीक. पण अधिकचं चिन्ह मात्र जावात अक्षरं जोडायलाही चालतं! लग्नात मानपान बंद म्हणून जाहीर करायचं नि आपल्या जावयाला गुपचूप आहेर करायचा, त्यातला हा प्रकार.

या मंडळींनी आमच्या आजीला विचारायला हवं होतं. शेजारणीचं लुगडं ‘तसंच’ असलं तर ती कौतुक करी. ‘तेच’ निघालं तर भांडण! पायथन भाषेत ‘तसंच’ला चिन्ह आणि ‘तेच’ला ‘इज’ हा शब्द, अशी वाटणी आहे. ती मला पटली.

कचेरीतला संगणक अक्षरं ताडतो, म्हणजे ‘तसाच का?’ एवढंच विचारतो. ‘तोच का?’ हे विचारायचं काम खुर्चीतल्या माणसाचं. उद्या दुसऱ्या एखाद्या नामदेवाला माझे पैसे गेले, तरी यंत्राला शंका यायची नाही. मी आपला अर्ज लिहून ठेवलाय : ‘साहेब, मी तसाच नसेन, पण मी तोच आहे.’