वाचायला मोफत, पण खर्च कोणाचा?

रोह्याजवळच्या वाडीत पेंढा उपसताना कुणाला लाल विंचू चावला, तर पेशंट आधी पोचतो तो तालुक्याच्या डॉक्टरकडे. त्या डॉक्टरला विंचूदंशावरचं नवं संशोधन वाचायला मिळतं का? 'ओपन ॲक्सेस' म्हणजे मोफत खुल्या संशोधन नियतकालिकांबद्दल बोलताना मी हाच प्रश्न कसोटीला लावते. आणि या कसोटीवर तपासून बघायला एक चांगलं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलची स्टाफ सोसायटी १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे त्रैमासिक काढते. आपण त्याला जेपीजीएम म्हणू. २००१ च्या सुमारास त्यांनी आपले लेख पूर्ण मजकुरासह इंटरनेटवर मोफत खुले केले. ओपन ॲक्सेसची व्याख्या मांडणारा बुडापेस्टचा जाहीरनामा आला फेब्रुवारी २००२ मध्ये. म्हणजे आपली मंडळी कुणाच्या मागून गेली नव्हती.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ऑनलाइन वाचणाऱ्याकडून पैसे नाहीत, आणि लेख छापण्यासाठी लेखकाकडूनही नाहीत. छापील अंक मात्र वर्गणीवर चालूच राहिला. ऑनलाइनचं काम मुंबईच्याच मेडनो या प्रकाशन संस्थेनं सांभाळलं.

याचा फायदा झाला का? २००५ मध्ये मेडनोचे डॉ. डी. के. साहू आणि सहकाऱ्यांनी जेपीजीएमचेच आकडे मांडले. १९९० ते १९९९ मधल्या जुन्या लेखांचे इतरांनी दिलेले संदर्भ, म्हणजे सायटेशन्स, अंक खुले झाल्यावर वाढलेले दिसले. वाचून बरं वाटतं, पण इथे जरा थांबूया. हे एकाच नियतकालिकाचे आकडे आहेत. त्याच काळात इंटरनेट आणि सर्च इंजिनं सगळीकडे पसरत होती. शिवाय अभ्यास करणारे त्या प्रकाशनाशीच जोडलेले होते. त्यामुळे 'खुलं केलं म्हणूनच सायटेशन्स वाढली' असं ठामपणे म्हणता येत नाही. खुलं केल्यानं नुकसान झालं नाही, इतकं म्हणता येतं.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. सायटेशन मोजतं संशोधकांना. रोह्याचा डॉक्टर लेख वाचतो, औषध देतो, पेशंट घरी जातो. तो कुठे सायटेशन देणार? त्याचा फायदा या मोजपट्टीत येतच नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विंचूदंशावरचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निरीक्षणं कोकणातल्या पेशंटची, पण वाचायची तर लंडनच्या नियतकालिकाची वर्गणी हवी. २०११ मध्ये त्यांची महाडमधली चाचणी 'बीएमजे'मध्ये आली. नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत बरे झाले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. हा लेख पेणच्या डॉक्टरला मोबाइलवर मोफत उघडता येतो. ओपन ॲक्सेसचा अर्थ मला इथे कळतो.

मग अडचण कुठे आहे? जगभर ओपन ॲक्सेस पसरलं ते बरंचसं दुसऱ्या वाटेनं. वाचकाचं तिकीट काढून टाकलं आणि ते लेखकाच्या माथी मारलं. 'नेचर'नं २०२० मध्ये लेख खुला ठेवण्यासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केलं, म्हणजे आठ लाखांहून जास्त रुपये. तिथे वर्गणीच्या वाटेनं फुकट छापता येतं हे खरं, पण मग लेख पुन्हा कुलपात. तालुक्याच्या गावात स्वतःच्या खर्चानं नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरनं एवढी रक्कम आणायची कुठून? आणि मेडनोही २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली.

सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. विद्यापीठातल्या माझ्यासारखीला याचा मोठा आधार आहे, ते नाकारणार नाही. पण योजना सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. पेण-रोह्याचा खाजगी दवाखाना त्यात बसत नाही. एवढा पैसा खर्चून आपण कुलपाची किल्ली काही जणांसाठी भाड्यानं घेतली, कुलूप तसंच राहिलं.

त्यातला छोटासा वाटा जेपीजीएमसारख्या, दोन्हीकडून पैसे न घेणाऱ्या नियतकालिकांना संपादन, सर्व्हर आणि कर्मचाऱ्यांसाठी नियमित दिला तर? ही नियतकालिकं बहुतेक वेळा प्राध्यापकांनी आपलं काम सांभाळून, हौसेनं चालवलेली असतात. हौस किती वर्षं पुरणार? म्हणून पुढच्या वेळी कुणी 'आमचं जर्नल ओपन ॲक्सेस आहे' म्हणालं, की आधी विचारा: लेखकाकडून किती घेता?