खिडकीतला घाट

वारसा हा शब्द मुळात सातबाऱ्यावरचा. बापाने काही मागे ठेवले असेल त्यालाच तो लागू. त्यामुळे ‘हेरिटेज रेल्वे’ला आपले लेखक ‘वारसा’ म्हणू लागले, की वारस कोण, हे विचारणे भाग पडते.

वाशीमच्या स्टेशनावरून 2008 पर्यंत मीटरगेज गाडी धावत होती. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला. पुढे मेळघाटात धूळघाटचा वेढा, जिथे रूळ स्वतःच्याच अंगावरून जातो. मग खांडवा, आणि पातालपाणीचा घाट चढून महू. बाबासाहेब 1891 साली जिथे जन्मले ते महू आमच्या दारातल्या रुळाच्या टोकाला होते. 2008 साली वाशीमला ब्रॉडगेज आले. ते हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण अकोला-खांडवा मीटरगेज 2017 साली आणि महूकडचा घाट 2023 साली बंद झाला. सरळ वाट तुटली. उरला तो पातालपाणी ते काळाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा तुकडा. त्यावर 2018 पासून मोठ्या काचांच्या डब्यांची सहलगाडी सुरू झाली. म्हणजे कष्टकऱ्याची गाडी गेली आणि तिचे दृश्य तेवढे जपले गेले.

या गाडीवरची वर्णने वाचावीत. बोगदे मोजलेले असतात, पूल मोजलेले असतात, धबधबा तर असतोच. होळकरांनी इंग्रजांना दिलेले एक कोटीचे कर्जही असते. डोंगर फोडणारा हात मात्र एकाही वाक्याचा कर्ता होत नाही. बोगदा ‘खोदला गेला’, पूल ‘उभा राहिला’! मराठी व्याकरणाची ही सोय पांढरपेशा लेखणीने फार वापरली आहे. 1889 साली जबलपुरात फाशी गेलेल्या तंट्या भिलाचा देह पातालपाणीला आणून टाकला, असे लोक सांगतात. त्याच्या नावाने गाड्या तिथे थबकत. प्रवासवर्णनात ही एक गमतीची दंतकथा होते. ज्यांनी ती जपली त्यांच्यासाठी तो इतिहास आहे, हे लेखकाच्या गावीही नसते.

आपल्या कारंज्यावरून जाणाऱ्या ‘शकुंतले’चेही तेच. किलिक-निक्सन कंपनीची ही मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज; वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली. मँचेस्टरला 1921 साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालले. त्या इंजिनावर किती हळहळ! एसटीचे भाडे परवडत नाही म्हणून तिच्यात बसणारी मजूर बाई गाडी थांबल्यावर कशी जाते, याची चौकशी नाही. संथपणा हा ज्याला वेळ आहे त्याचा सौंदर्यानुभव. रोजंदारीवर निघालेल्याचा तो खाडा.

मार्क्सने 1853 साली लिहिले होते की रेल्वेतून येणारा उद्योग जातींच्या पायाखालची श्रमविभागणी मोडील. भाकीत अगदीच खोटे नाही; गाव सोडायला रुळांनी वाट दिली. पण 1901 साली साताऱ्याहून निघालेली चिमुकली मंडळी मसूर स्टेशनावर उतरली. गाडीत तिकीट पुरेसे होते. फलाटावर स्टेशनमास्तरने जात विचारली आणि तो मागे सरला. बैलगाडी मिळेना, अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी ती स्वतः हाकायची, असे ठरले. त्यांतला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा भीमराव होता.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला हा प्रसंग आपण आत्मकथन म्हणून शिकवतो. शिक्षक मित्रांनी तो एकदा प्रवासवर्णन म्हणून शिकवून पाहावा; शेजारी पाठ्यपुस्तकातले एखादे घाटाचे वर्णन ठेवावे. दोन्हींत गाडी आहे, खिडकी आहे. उतरल्यावर काय झाले, हे कोणता लेखक सांगतो आणि कोणाला सांगावेच लागत नाही, एवढे मुलांना विचारावे.