ओलांडणे आणि मोडणे : ‘ट्रान्सग्रेस’ या क्रियापदाचा अर्थविचार

इंग्रजीतील ‘ट्रान्सग्रेस’ या क्रियापदास मराठीत प्रतिशब्द नाही असे नाही. उलट ते फार आहेत, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. उल्लंघन, अतिक्रमण, मर्यादाभंग, आज्ञाभंग, अतिचार, अपराध यांपैकी कोणताही शब्द अनुवादक उचलतो व पुढे जातो. वाक्य अडत नाही. परंतु मूळ शब्दात जी कृती दडलेली आहे ती बहुधा वाटेत सांडून जाते.

ती कृती पावलाची आहे. लॅटिनमधील ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणे, चालणे. या दोहोंच्या संयोगाने झालेले क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. त्याच्या शेजारी नियमभंगवाचक दुसरी जी इंग्रजी क्रियापदे नांदतात त्यांच्याशी ते ताडून पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानी येते. ‘इन्फ्रिंज’च्या मुळाशी मोडण्याचा धातू आहे, ‘ब्रीच’ हा शब्दही मोडण्याच्याच कुळातला. याउलट ‘ट्रान्सग्रेस’ आणि ‘ट्रेसपास’ या दोहोंत काही मोडत नाही; कोणीतरी पलीकडे जातो. मोडण्यात नियमाची हानी होते. ओलांडण्यात रेषा जागच्या जागी राहते. बदलतो तो ओलांडणारा. हा भेद व्युत्पत्तीपुरताच आहे असे समजून कोणी तो बाजूस सारील, तर त्याने पुढील विवेचन निदान शेवटपर्यंत वाचून मग तसे करावे.

मराठीपुरते बोलावयाचे तर धातुशः ‘ट्रान्सग्रेस’चे जुळे भावंड म्हणजे ‘अतिक्रमण’. ‘अति’ म्हणजे पलीकडे, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे; इतके काटेकोर साम्य दोन भाषांत क्वचितच सापडते. पण शब्दांचे भाग्य निघंटूत ठरत नाही. आज मराठीत ‘अतिक्रमण’ म्हटले की नगरपालिकेची गाडी आणि पदपथावरून उचललेल्या टोपल्या डोळ्यांसमोर येतात. हिंदीतही त्याची गत फारशी वेगळी नाही. एखाद्या कवीने ‘नीतीचे अतिक्रमण’ केले असे लिहिले, तर त्याने नीतीच्या जागेत टपरी टाकली असा भास होतो. ‘लंघन’ या शब्दाची कथा याहून गमतीची. बंगालीत ‘आइन-लंघन’ म्हणजे सरळ कायद्याचे उल्लंघन; मराठीत मात्र ‘लंघन’ केले म्हणजे त्या दिवशी जेवण घेतले नाही. तत्सम शब्द सर्व भारतीय भाषांना एकच अर्थ देतो या समजुतीवर विसंबून जे अनुवादक एका देशी भाषेतून दुसरीत शब्द जसेच्या तसे नेतात, त्यांनी हे एक उदाहरण जवळ बाळगावे.

देशी मराठीत पाहू गेल्यास पावलाची प्रतिमा जागोजाग आढळते. ‘पायरी सोडणे’ या प्रयोगात लॅटिनमधील पावलाच्या धातूचा सख्खा अर्थ जिवंत आहे. मात्र ती पायरी दर्जाची आहे, नियमाची नाही. धाकट्याने थोरल्याशी, नोकराने धन्याशी पायरी सोडली असे म्हणतात; थोरल्याने धाकट्याशी पायरी सोडली असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘पाऊल वाकडे पडणे’ हा प्रयोग तर ग्रीक ‘पाराबाइनेइन’ची आठवण करून देतो, नव्या करारात ज्या क्रियापदासाठी इंग्रजीने ‘ट्रान्सग्रेस’ वापरले त्याचा मूळ अर्थच बाजूस पाऊल टाकणे असा आहे. आणि अखेर ‘ओलांडणे’. हे क्रियापद स्वतः निर्दोष आहे. उंबरठा ओलांडणारी स्त्री दोषी की धीट हे ‘ओलांडणे’ सांगत नाही, प्रसंग सांगतो. नवी सून माप ओलांडून घरात येते तेव्हा तर शब्दशः मापाच्या पलीकडे पाऊल टाकणे हेच मंगल ठरते. दसऱ्याचे सीमोल्लंघनही त्याच जातीचे. पावसाळा सरल्यावर मराठी फौजा स्वारीस निघत, त्या प्रथेची स्मृती या शब्दात आहे. गावाची शीव ओलांडणे हा त्या दिवशी विधीच होय.

म्हणजे इंग्रजी शब्दावर ख्रिस्ती पापविचाराची जी गडद छाया आहे, ती मराठीतील ओलांडण्यावर नाही. येथे पलीकडे जाणे हे स्वभावतः पाप नसून, कोठे, केव्हा आणि कोणी, यावर त्याचा गुणदोष अवलंबून राहतो. सागर आपली वेला ओलांडत नाही म्हणून संस्कृत कवींनी त्यास मर्यादेचा आदर्श मानले; तोच सागर ओलांडून जाणारा हनुमान मात्र कोणतीही मर्यादा मोडीत नाही.

या पार्श्वभूमीवर मिल्टनच्या महाकाव्याचा विचार करावा. ‘पॅरडाइज लॉस्ट’ (1667) हे लॅटिन कानांत मुरलेल्या कवीचे काव्य आहे. सामान्य इंग्रज वाचकास ‘ट्रान्सग्रेस’मधील पाऊल ऐकू येत नसेल, मिल्टनला ते येत होते. पहिल्याच सर्गात, इतके सारे दिलेले असता एका निर्बंधापायी आद्य दांपत्याने हे पाऊल का टाकले, असा प्रश्न कवी विचारतो. चौथ्या सर्गात सैतान नंदनवनाच्या रीतसर द्वाराचा तिरस्कार करून भिंतीवरून एका उडीत आत येतो. उडी आणि सीमा या दोन्ही अर्थांचा एकच इंग्रजी शब्द कवी तेथे एकाच ओळीत दोनदा योजतो. पुढे त्याच सर्गात गेब्रिएल त्याला पकडतो व त्याच्या अतिचारांना जी हद्द आखून दिली होती ती त्याने का मोडली, असे विचारतो. अतिचारालाही हद्द असावी, आणि ती ओलांडली न जाता मोडली जावी! मोडणे आणि ओलांडणे यांचा असा बुद्धिपुरस्सर गुंता करणाऱ्या कवीचा अनुवाद करताना दोन्हीकडे ‘भंग’ लिहून मोकळे होणे म्हणजे त्याचा श्लेषच नव्हे, त्याचा विचारही पुसणे होय. भिंतीवरील उडीस ‘उल्लंघन’ हा शब्द धातुदृष्ट्या अगदी चपखल बसतो, कारण ‘लंघ्’मध्ये उडी आहेच. पण भारतीय वाचकाच्या कानी त्यासरशी समुद्रलंघनाचा वीररस येईल आणि सैतानास नकळत मारुतीचे तेज लाभेल. (मिल्टनच्या सैतानास वीरपुरुष मानणाऱ्या रोमँटिक टीकाकारांची त्यास कदाचित हरकत नसती.)

बायबलच्या अनुवादात प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या आरंभी हिब्रूत दोषवाचक तीन भिन्न शब्द येतात. 1611च्या इंग्रजी भाषांतरात त्यांपैकी ‘पेशा’साठी ‘ट्रान्सग्रेशन’ आले. ‘पेशा’चा गाभा बंडाचा आहे, राजाविरुद्ध प्रजेने उठावे तसा. ‘हत्ताअ’ या दुसऱ्या शब्दाचा गाभा नेम चुकण्याचा. मराठी ख्रिस्ती गद्यात ‘पाप’ आणि ‘अपराध’ हे शब्द रूढ झाले. आता ‘अपराध’ हा मुळात नेमबाजीचाच शब्द आहे: ज्याचा बाण लक्ष्यापासून ढळला त्या धनुर्धरास अमरकोश ‘अपराद्धपृषत्क’ म्हणतो. ग्रीक ‘हामार्तिया’चीही कुळकथा हीच. तेव्हा बंडाच्या जागी ‘अपराध’ ठेवणे म्हणजे उगारलेल्या हाताच्या जागी चुकलेला बाण ठेवणे. मराठी वाचकास ‘अपराध’मधील बाण ऐकू येत नाही, हा युक्तिवाद खरा आहे व तो मान्य करावयास हवा, पण त्यात बंडही ऐकू येत नाही, ही उणीव त्या युक्तिवादाने भरून निघत नाही.

या सर्व शब्दांत खरा शास्त्रीय नेमकेपणा एका जैन परंपरेत आढळतो, आणि मराठी समीक्षेने तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. अमितगतीच्या ‘द्वात्रिंशतिके’त दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. मनाची शुद्धी ढळली की अतिक्रम. शीलाचे कुंपण ओलांडले की व्यतिक्रम. विषयांत वावरू लागले की अतिचार. आणि त्यांत पुरते गुंतले की अनाचार. कुंपण दुसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी मन पलीकडे जाऊन आलेले असते. इंग्रजी क्रियापद हा सारा प्रवास एकाच पावलात उरकते.

विसाव्या शतकात या शब्दाची पत पालटली. जॉर्ज बाताय याने 1957च्या आपल्या कामवासनाविषयक फ्रेंच ग्रंथात प्रतिपादिले की निषेध आणि त्याचे उल्लंघन हे परस्परांचे शत्रू नव्हेत. उल्लंघन निषेधास नष्ट करीत नाही, त्यास पार करून पूर्णत्वास नेते. बातायच्या मृत्यूनंतर 1963 साली मिशेल फूको याने त्याच्यावर लिहिलेल्या निबंधात सीमा आणि उल्लंघन यांचे हे परस्परावलंबन अधिक ताणून धरले. तेव्हापासून इंग्रजी समीक्षेत हा शब्द निंदेचा न राहता गौरवाचा झाला. ज्या लेखकाने रूढीविरुद्ध काही लिहिले तो ‘ट्रान्सग्रेसिव्ह’, आणि तसा असणे हे मोठेपण. भारतीय भाषांतील साहित्यावर इंग्रजीतून लिहिणारे अभ्यासक ही मुद्रा आता इतक्या सढळ हाताने उमटवीत आहेत की बाबूराव बागुलांची कथा आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (1972) यांवरही ती निःशंकपणे मारली जाते.

येथे थांबून विचारले पाहिजे. बातायच्या उल्लंघनास निषेधाची पवित्रता हवी असते. ओलांडणारा जीस मनोमन मानतो अशी रेषा नसेल, तर त्याचा थरारही नाही. दलित साहित्याने आपल्या कृतीस ‘विद्रोह’ म्हटले, ‘उल्लंघन’ म्हटले नाही. विद्रोही रेषेपलीकडे जाण्यात धन्यता मानीत नाही. रेषा आखण्याचा अधिकारच तो नाकारतो.

महाडचे उदाहरण या बाबतीत निर्णायक आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले, या घटनेस इंग्रजीत ‘ट्रान्सग्रेशन’ म्हणण्याचा मोह होतो. पण ओलांडले काय? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला होता, आणि महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केल्याचे ठरविले होते. कायद्याची रेषा तळ्यावर जाणाऱ्यांच्या बाजूस होती; ती ओलांडली त्यांना मारहाण करणाऱ्यांनी. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम निघाला तेव्हा सत्याग्रह तहकूब करण्यात आला, आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. जी रेषा न्याय्य अधिकाराने आखली ती पाळली गेली; जी रूढीने आखली तिला रेषा म्हणूनच मान्यता दिली गेली नाही. अशा कृतीस ‘ट्रान्सग्रेशन’ म्हणणारा अभ्यासक प्रशंसेच्या भरात रूढीला कायद्याचे आसन देऊन बसतो, आणि आपण तसे केले हे त्याच्या गावीही नसते.

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात प्रत्येक भाषेने आपापला शब्द घडविला तोही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हिंदीने ‘सविनय अवज्ञा’ म्हटले, बंगालीने ‘आइन-अमान्य’, मराठीने ‘सविनय कायदेभंग’. एकीने आज्ञा झिडकारली, दुसरीने कायद्याची मान्यता काढून घेतली, तिसरीने तो मोडला. ओलांडण्याचा शब्द तिघींपैकी एकीनेही घेतला नाही.

तरीही काही ठिकाणी इंग्रजी शब्दाचा नवा, उजळ अर्थ मराठीत आणावाच लागतो. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांच्या शिक्षणविषयक ग्रंथाच्या (1994) नावातच हे क्रियापद आहे: विद्यार्थ्यांना वंश, लिंग आणि वर्ग यांच्या सीमांपलीकडे जाण्यास शिकविणे, ही त्यांची शिक्षणाची कल्पना. येथे ‘उल्लंघन’ लिहिले तर शिक्षिका मुलांना रहदारीचे नियम मोडावयास शिकवीत आहे असे वाटेल. ‘विद्रोह’ लिहिले तर वर्गातील आनंद, ज्यावर लेखिकेचा विशेष भर आहे, हरवेल. ‘सीमोल्लंघन’ हा शब्द मात्र आनंद, सामूहिकता आणि धैर्य तिन्ही घेऊन येतो. त्याबरोबर स्वारी येते, आणि आपट्याच्या पानांचे का होईना, लुटलेले सोनेही येते. हुक्स यांच्या वर्गात त्या दोहोंना जागा नाही. अनुवादकाने शीर्षकात हा शब्द घ्यावा, आणि आतल्या पानांत साधे ‘ओलांडणे’ वापरावे.